आधी ऊन, मग खाणं: थरथरणाऱ्या बिअर्डेड ड्रॅगनबद्दल

प्रश्न: आमचा बिअर्डेड ड्रॅगन (पाळीव सरडा) आठ महिन्यांचा आहे. दहा दिवसांपासून त्याने खाणं जवळजवळ सोडलं आहे. मागच्या पायांची बोटं मधूनच थरथरतात. एरवी बल्बखाली तोंड उघडं टाकून पडलेला असतो आणि संध्याकाळी त्याची दाढी काळी पडते. तो ९० बाय ४५ सेंटिमीटरच्या काचेच्या टँकमध्ये, खिडकीशी राहतो, म्हणजे सकाळचं ऊन त्याला मिळतं. एक लाल बल्ब रात्रंदिवस चालू असतो. जाळीवर एक वळणाचा यूव्हीबी (अतिनील-बी किरणांचा) बल्ब आहे, तो टँकसोबतच आलेला. खाली बारीक वाळू आहे. खायला वाटीत मीलवर्म (पिवळसर अळ्या), शिवाय पालक आणि काकडी. कॅल्शियमची पावडर आठवड्यातून एकदा देतो. ही हिवाळी झोप असेल का? एकटा पडल्यामुळे तो असा झाला असेल, तर सोबतीला दुसरा आणावा का?

उत्तर: ही हिवाळी झोप नाही आणि एकटेपणही नाही. तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘थरथरतात’ हा आहे, म्हणून आधी तेवढंच बघू. बाकीचं दोन दिवसांनी केलं तरी चालेल, हे नाही.

बोटं किंवा पाय आपोआप थरथरणं, फडफडणं म्हणजे बहुतेक वेळा रक्तातलं कॅल्शियम घसरलेलं असतं. कॅल्शियम कमी पडलं की नसा आणि स्नायू हुकमाशिवायच आखडायला लागतात. आज बोटं थरथरतात, पुढे पाय ओढला जातो आणि त्यापुढे झटके येतात. तेव्हा सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याची वेळ आजच घ्या. जाताना टँकचे फोटो, दोन्ही बल्बांवर छापलेला मजकूर, पावडरीचा डबा आणि शक्य असेल तर त्या दिवशीची ताजी विष्ठा झाकणाच्या डबीत घालून न्या. थरथर चालू असताना मोबाइलवर चित्रण करून ठेवा, कारण दवाखान्यात पोहोचल्यावर ती नेमकी थांबते. हाडं किती विरळ झाली आहेत हे क्ष-किरणांत दिसतं आणि कॅल्शियमची पातळी रक्तात कळते. कॅल्शियमचं औषध किती द्यायचं ते वजनावर ठरतं. ते अंदाजाने घरी पाजू नका, जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंडांना झेपत नाही.

तोवर टँकमधल्या उंच फांद्या काढून टाका, कारण हाडं मऊ झाली असतील तर तेवढ्या उंचीवरून पडूनही पाय मोडतो. उचलावं लागलं तर बाजूने हात पुढे करा. डोक्यावर त्याला प्रकाश ओळखणारा तिसरा डोळा असतो, वरून सावली पडली की तो तिला शिकारी पक्षी समजतो. एक तळवा छातीखाली सरकवा, दुसरा मागच्या पायांखाली आणि शेपटीच्या बुडाशी. पुढचे पाय धरून कधीही उचलू नका. आणि तोंड जबरदस्तीने उघडून भरवू नका, मऊ पडलेला जबडा त्यात सहज मोडतो.

आता हे झालं कसं. तुम्ही कॅल्शियम देत होता, तरी ते हाडापर्यंत पोहोचत नव्हतं. आतड्यातून कॅल्शियम रक्तात घ्यायला डी३ जीवनसत्त्व लागतं आणि ते या प्राण्याच्या कातडीतच तयार होतं. त्यासाठी दोन गोष्टी एकाच वेळी लागतात. उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी कातडीत डी३ची आधीची पायरी तयार होते आणि अंगाच्या उबेने तिचं डी३ बनतं. किरण आहेत पण अंग गार आहे, तर काम संथ चालतं. ऊब आहे पण किरण नाहीत, तर सुरुवातच होत नाही. मग रक्तातली पातळी टिकवायला शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम ओढायला लागतं. जबडा मऊ पडतो, पाय सुजल्यासारखे जाड दिसतात, पाठीला बाक येतो. पावडर तोंडावाटे कितीही दिली तरी उन्हाची जागा ती घेत नाही. हा मध्य ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत प्रदेशातला प्राणी आहे, दिवसातला बराच वेळ खडकावर किंवा ओंडक्यावर ऊन खात बसणारा. म्हणून आमच्या मते तुमच्या घरी पहिली दुरुस्ती वाटीतली नाही, दिव्यांची आहे.

खिडकीचं ऊन यात धरू नका. काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण यूव्हीबी जवळजवळ सगळं अडतं. उलट काचेच्या टँकवर थेट ऊन आलं की आतलं तापमान काही मिनिटांत जिवावर बेतण्याइतकं चढतं आणि पळायला जागा नसते. टँक खिडकीपासून हलवा. खरं ऊन द्यायचं तर हवा उबदार असताना, जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागावर सावली धरून, २० ते ३० मिनिटं आणि सबंध वेळ समोर बसून द्या.

तुमचा वळणाचा यूव्हीबी बल्ब दोन कारणांनी अपुरा पडतो. त्याचे किरण लहानशा भागात पडतात आणि थोड्या अंतरावर झपाट्याने कमी होतात, त्यात जाळी आणखी साधारण तिसरा हिस्सा अडवते. दुसरं म्हणजे असे बल्ब सहा महिन्यांत यूव्हीबीपुरते संपतात. दिसायला ते तसेच लख्ख असतात. यूव्हीबी आपल्याला दिसत नाही, त्यामुळे दिवा चालू आहे यावरून काहीच कळत नाही.

त्याऐवजी लांब नळी घ्या. टी५ हाय आउटपुट प्रकारची, १० किंवा १२ टक्के यूव्हीबीची, मागे चकचकीत रिफ्लेक्टर असलेली. नळीची लांबी टँकच्या लांबीच्या निम्मी ते दोन तृतीयांश हवी. ती ऊबदार टोकाकडे बसवा, म्हणजे ऊब आणि किरण एकाच ठिकाणी पडतील आणि दुसऱ्या टोकाला सावली राहील. अंतर मोजताना टेप नळीपासून दगडापर्यंत धरू नका. तो दगडावर बसल्यावर त्याची पाठ जिथे येते तिथपर्यंत धरा. नळी जाळीच्या आत असेल तर हे अंतर साधारण ३८ ते ४५ सेंटिमीटर, जाळीवरून असेल तर २५ ते ३० ठेवा. प्रत्येक नळीच्या खोक्यावर अंतराचा तक्ता असतो, तो यापेक्षा वेगळं सांगत असेल तर तक्ता पाळा. यूव्ही निर्देशांक मोजायचं मीटर कुणाकडे मिळालं तर ऊन खायच्या जागी, पाठीच्या उंचीवर, ३ ते ५ दिसायला हवं. नळी लावली त्या दिवसाची तारीख तिच्या टोकाला मार्करने लिहून ठेवा आणि १२ महिन्यांनी ती पेटत असली तरी बदला.

लाल बल्ब काढून टाका. ‘त्याला लाल दिसत नाही’ असं सांगून ते विकले जातात, पण या प्राण्याला रंग उत्तम दिसतात आणि रात्रभर लाल उजेडात त्याला धड झोप लागत नाही. दिवसा ऊब द्यायला पांढऱ्या प्रकाशाचा हॅलोजन फ्लड बल्ब लावा. ५० किंवा ७५ वॅटपासून सुरुवात करा, खाली सपाट दगड किंवा फरशीचा तुकडा ठेवा, आणि बल्ब त्याचं अंग टेकणार नाही इतका, म्हणजे पाठीपासून निदान २५ ते ३० सेंटिमीटर वर असू द्या. बल्ब डिमर किंवा डिमिंग थर्मोस्टॅटवर जोडा.

तापमान मोजायला काचेला चिकटवायच्या गोल तबकड्या निरुपयोगी आहेत, त्या काचेजवळच्या हवेचं काहीतरी दाखवतात. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. दिवा लावून तासभर झाला की दगडाच्या पृष्ठभागावर नेम धरा, ३८ ते ४२ अंश सेल्सिअस यायला हवेत. कमी आले तर बल्ब थोडा खाली आणा किंवा जास्त वॅटचा लावा, जास्त आले तर डिमर कमी करा. गार टोकाची हवा २४ ते २७ अंश ठेवा. ती मोजायला तारेच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर लागतो. दोन्ही टोकं एकदम बरोबर येणं हीच खरी कसोटी आहे, आणि ९० सेंटिमीटरच्या टँकमध्ये ती सहसा जमत नाही. एक टोक तापलं की दुसरंही तापतं. पूर्ण वाढलेला ड्रॅगन शेपटीसकट ४५ ते ६० सेंटिमीटर भरतो, त्याला १२० बाय ६० बाय ६० ची जागा लागतेच. ती आत्ताच केलीत तर दिव्यांची मांडणी पुन्हा करावी लागणार नाही.

सगळे दिवे टायमरवर रोज १२ ते १४ तास. रात्री पूर्ण अंधार. खोली १८ अंशांच्या खाली जात नसेल तर रात्री कसलीच ऊब देऊ नका, थोडं गार होणं त्याला मानवतं. जात असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, तोही थर्मोस्टॅटवर. तापणारे नकली दगड मात्र घेऊ नका. तो त्यावर पोट टेकून बसून राहतो आणि पोट भाजतं, तरी वेळेवर उठत नाही.

तोंड उघडं टाकण्याबद्दल. ऊन खाताना तोंड उघडणं ही अंगातली जास्तीची उष्णता टाकायची त्याची रीत आहे. तापल्यावर तो गार टोकाला जातो आणि तोंड मिटतो, इथपर्यंत काळजीचं कारण नाही. तुमच्या टँकला गार टोकच नसण्याची शक्यता जास्त आहे. पण गार जागी बसूनही तोंड उघडं, मान ताणून श्वास, नाकातोंडाशी बुडबुडे किंवा चिकट तार, श्वासाबरोबर टिकटिक आवाज, यातलं काहीही दिसलं तर तो श्वसनमार्गाचा संसर्ग असू शकतो. पशुवैद्याला ते वेगळं सांगा.

वाळू आजच काढा आणि साधा कागद किंवा कागदी टॉवेल अंथरा. वाळूवर राहणारा प्राणी वाळूने का आजारी पडेल, असं वाटणं साहजिक आहे. त्याच्या मूळ जागी माती घट्ट, चिकणमातीमिश्रित असते, सुटी मऊ वाळू नव्हे. शिवाय उबदार, धडधाकट ड्रॅगनच्या पोटात दोनचार कण गेले तर ते बाहेर पडतात. तुमच्याकडे मात्र कॅल्शियम कमी असावं, अशा वेळी आतड्याचे स्नायूही सुस्त पडतात आणि वाळू साचत जाते. कॅल्शियमची म्हणून विकली जाणारी वाळू तर आणखी वाईट, ती तो चाटून चाटून खातो. शेवटची शी कधी झाली ते आठवा. आठवडा उलटला असेल, पोट टणक लागत असेल किंवा मागचे पाय ओढले जात असतील, तर क्ष-किरण काढताना हेही बघायला सांगा. कागदाचा आणखी एक फायदा म्हणजे शी नीट दिसते. तिच्यासोबतचा पांढरा भाग मऊ आणि पांढरा हवा. तो पिवळट, खडूसारखा कडक असेल तर अंगात पाणी कमी आहे.

आता खाणं. दिवे नीट झाल्यावर दोन-तीन दिवस त्याला वेळ द्या. गार अंगाने खाल्लेलं पोटात तसंच पडून राहतं, म्हणून भूक आधी उबेवर अवलंबून असते.

वाटीभर मीलवर्म ही सोय माणसाची आहे. त्यांचं कवच जड, चरबी जास्त आणि कॅल्शियमच्या मानाने फॉस्फरस कितीतरी पट. आहारात कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचं प्रमाण साधारण दोनास एक लागतं, आणि बहुतेक किडे याच्या अगदी उलटे असतात. पावडर त्यासाठीच असते. पालकातलं ऑक्झालेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, म्हणजे जे थोडं दिलं जात होतं तेही वाया गेलं. बीटचा पालाही त्याच कारणासाठी नको. काकडी म्हणजे जवळजवळ नुसतं पाणी.

रातकिडे किंवा डुबिया झुरळं हा मुख्य किडा ठेवा, आणि आठवड्यातून काही वेळा ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या द्या. त्यांच्यात कॅल्शियम मुळातच भरपूर असतं. किड्याची लांबी त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको. द्यायच्या आधी एक-दोन दिवस किड्यांना गाजर, पाला असं चांगलं खाऊ घाला, उपाशी किडा म्हणजे रिकामं कवच. एका जेवणाचे किडे बरणीत घ्या, त्यावर फॉस्फरस नसलेली कॅल्शियमची पावडर चिमूटभर टाका, झाकण लावून हलवा. किडे पिठात घोळल्यासारखे फिकट दिसले की पुरे, पांढरे ढेकूळ झाले तर तो तोंडही लावणार नाही. वर्षाचा होईपर्यंत किड्यांच्या बहुतेक जेवणांना ही पावडर, आणि आठवड्यातून एक-दोनदा तिच्याऐवजी जीवनसत्त्वांची, जिच्यात ए आणि डी३ असतं. डी३ची पावडर रोज नको, ते शरीरात साठतं आणि अति झालं की घातक ठरतं. उपचार चालू असेपर्यंत पशुवैद्याने सांगितलेलं प्रमाण यापेक्षा वरचढ माना.

या वयात किडे रोज एकदा, दहा-पंधरा मिनिटांत खाईल तेवढे. उरलेले वेचून काढा, रात्रभर राहिलेले रातकिडे झोपलेल्या ड्रॅगनला चावतात. किडे दिवे लागून दोनेक तास झाल्यावर आणि दिवे जायच्या निदान दोन तास आधी द्या, म्हणजे पचायला ऊब मिळते. पाला मात्र सकाळपासूनच समोर असू द्या: मोहरीचा पाला, एंडाइव्ह, डँडेलियनची पानं, जास्वंदीची पानं-फुलं, किसलेला लाल भोपळा. सगळं बारीक चिरून. पानांकडे तो ढुंकूनही बघत नसेल तर त्यावर एखादी वळवळणारी अळी ठेवा, तिला टिपताना पानही तोंडात जातं. वर्षानंतर प्रमाण उलटं होतं, रोज पाला आणि आठवड्यातून दोन-तीनदाच किडे. मोठ्या ड्रॅगनला रोज किडे दिले की तो लठ्ठ होतो आणि यकृतात चरबी साठते.

अव्होकाडो विषारी आहे. बाहेर पकडलेले किडे देऊ नका, त्यांच्यावर कीटकनाशक असू शकतं. आणि काजवा कधीच नाही, एका काजव्याने मोठा ड्रॅगन दगावू शकतो.

पाण्याचं भांडं उथळ ठेवा. साचलेलं पाणी काहींच्या लक्षातच येत नाही, त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर थेंब सोडला की चाटतात. आठवड्यातून एकदा खांद्यापर्यंत कोमट पाण्यात १५ मिनिटं ठेवलंत तर शी व्हायला आणि कात सुटायला मदत होते. बोटांवर आणि शेपटीच्या टोकावर जुन्या कातीचं कडं राहिलं की रक्तपुरवठा आवळला जातो. ती भिजवून, मऊ ब्रशने, दोन-चार दिवसांत सोडवा, ओढू नका.

हिवाळी झोपेचं विचारलंत. ती साधारण पहिल्या वर्षानंतर येते. तेव्हा ड्रॅगन हळूहळू खाणं कमी करतो, आडोशाला जाऊन झोपतो, पण उचलल्यावर अंग घट्ट लागतं, डोळे स्वच्छ असतात आणि वजन फारसं हलत नाही. तो थरथरत नाही. दोन्हीतला फरक नजरेने ओळखता येतोच असं नाही, वजनकाट्याने येतो. डिजिटल काटा घ्या, त्यावर डबा ठेवून शून्य करा आणि दर आठवड्याला त्याच वारी, खाण्याआधी, ग्रॅममध्ये वजन लिहून ठेवा. वाढत्या वयात वजन दोन आठवडे जागेवर थांबलं तरी कारण शोधा, दहावा हिस्सा घटलं तर थेट दवाखाना. त्याच भेटीत विष्ठेत कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) आणि जंत आहेत का हेही तपासून घ्या. भूक मरण्याचं ते दुसरं मोठं कारण असतं, आणि फक्त दिवे बदलून ते जात नाही.

संध्याकाळी काळी पडणारी दाढी बहुधा काचेतल्या प्रतिबिंबामुळे असेल. खोलीतला उजेड कमी झाला की आतून काच आरसा होते आणि समोर त्याला दुसरा नर दिसतो. तीन बाजूंना बाहेरून कागद लावा आणि गार टोकाला शिरायला एक आडोसा द्या.

बरं व्हायला किती दिवस लागतील हे क्ष-किरण पाहून कळेल. सौम्य असेल तर थरथर काही दिवसांत किंवा आठवड्यांत कमी होते, हाडं भरायला महिने लागतात, आणि वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही. वाकड्या पायाचे ड्रॅगन नीट सांभाळले तर वर्षानुवर्षं चांगले जगतात. त्यांना ऊन खायची जागा बुटकी आणि चढायला सोपी करून द्यावी लागते.

दुसरा आणू नका. हे एकेकटे राहणारे प्राणी आहेत. दोघं एकावर एक चढून बसलेले दिसतात तेव्हा ते प्रेम नसतं, वरचा खालच्याचं ऊन अडवत असतो. मग खालचा कमी खातो, बोटं आणि शेपटीची टोकं चावली जातात, आणि याची शेपटी पुन्हा उगवत नाही. घरात पाच वर्षांखालची मुलं असतील तर त्यांनाही त्याच्यापासून जरा लांबच ठेवा. धडधाकट दिसणाऱ्या ड्रॅगनच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, आणि त्याची भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका.